गावच्या भाषेत ४१ मिनिटं

‘मार्डी’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो इंग्लंडमधे, शेफिल्डमधल्या एका हॉटेलच्या किचनमधे, भांडी घासताना. ऑक्टोबर २००५. मला तिथं येऊन जेमतेम महिना झालेला, एमएस्सीची फी भरायला आण्णांनी दोन माग विकलेले, आणि स्टुडंट व्हिसावर आठवड्याला जे २० तास काम करता यायचं ते सगळेच्या सगळे मी त्या सिंकपुढं उभा राहून काढायचो. शेजारी प्लेटा पुसायला एक १९ वर्षांचा लोकल पोरगा असायचा. त्याचं इंग्लिश मला अजिबात कळायचं नाही म्हणून मी गप्प, आणि मी गप्प म्हणून त्याला वाटायचं की हा रुसलाय. शेवटी एकदा त्यानं विचारलंच, का रे एवढा मार्डी? मी तीनदा विचारलं म्हणजे काय, तर त्यानं खालचा ओठ बाहेर काढला, हाताची घडी घातली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. लगेच कळलं. आमच्या इचलकरंजीत अशा पोराला ‘तोंड फुगवून बसलंय’ म्हणतात.

दोन दिवसांनी त्यानं मला एक सीडी आणून दिली. कोरी सीडी, वर मार्करनं काहीतरी खरडलेलं, कव्हर नाही काही नाही. म्हणाला ह्यात मार्डीवर एक आख्खं गाणं आहे, ऐक, आणि ठेव तुलाच, मी अजून एक कॉपी काढतो. त्याला ती त्याच्या चुलतभावानं दिलेली, चुलतभावाला कॉलेजमधल्या कोणीतरी. बँडचं नाव आर्क्टिक मंकीज.

२३ जानेवारी २०२६ ला त्या बँडच्या पहिल्या अल्बमला २० वर्षं झाली. नेटवर सगळीकडं त्याच त्या गोष्टी पुन्हा वाचल्या, मायस्पेस ह्या तेव्हाच्या सोशल साइटवरून आलेला बँड, इंटरनेटनं घडवलेला पहिला मोठा बँड वगैरे. मी त्या वर्षी त्याच गावात होतो आणि मला हे तेव्हाही पटत नव्हतं आणि आज तर अजिबात पटत नाही, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढतोय. मला म्युझिकमधलं शास्त्र कळत नाही, मी टेक्स्टाइलचा माणूस आहे. पण भाषेची लाज वाटणं म्हणजे काय ते मला चांगलं माहितीय आणि माझ्या मते त्या अल्बमची गोष्ट तिथंच आहे.

आधी पोरांबद्दल. हाय ग्रीन हे शेफिल्डच्या उत्तर टोकाला, जवळपास गावाबाहेरच. ॲलेक्स टर्नर आणि जेमी कुक शेजारी राहायचे, दोघांना २००१ च्या ख्रिसमसला घरून गिटार मिळाल्या. मॅट हेल्डर्स टर्नरचा लहानपणापासूनचा मित्र, बाकीच्यांनी वाद्यं आधीच उचललेली आणि राहिलं काय तर ड्रम्स, म्हणून तो ड्रमर झाला. बेसवर अँडी निकल्सन. पहिला कार्यक्रम १३ जून २००३ ला, शहरातल्या द ग्रेप्स नावाच्या पबच्या वरच्या खोलीत, आणि त्या रात्री सगळा हिशोब होऊन हातात २७ पौंड उरले. मी तो पब बघून आलोय, लहानशी जागा आहे, आपल्याकडच्या तालमीच्या माडीवर भजनी मंडळ बसतं ना तेवढीच.

टर्नर बोर्डवॉक नावाच्या क्लबमधे बारवर काम करायचा. स्निग हिलवरची ती जागा पूर्वी ब्लॅक स्वान होती, लोक तिला लाडानं मकी डक म्हणजे मळकं बदक म्हणायचे, आणि १९७६ च्या ४ जुलैला द क्लॅश ह्या बँडनं आयुष्यातला पहिला कार्यक्रम तिथं केला, सेक्स पिस्टल्स ह्या दुसऱ्या बँडच्या आधी वाजवायला म्हणून. म्हणजे हा पोरगा तिथं ग्लास भरता भरता कविता वाचणारे, गाणारे, सगळ्या तऱ्हेचे लोक ऐकत होता. माझ्या मते त्याची खरी शाळा ती. गाण्यात एवढे शब्द कोंबून ते तालात बसवायचे हे पुस्तकातून येत नाही, रोज रात्री स्टेजसमोर उभं राहून कान तयार व्हावा लागतो.

आणि सीड्या. ही पोरं डेमो म्हणजे अल्बमआधीची कच्ची गाणी रेकॉर्ड करायची, कॉम्प्युटरवर सीड्या बर्न करायची आणि कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटायची. सीड्या थोड्या असायच्या त्यामुळं लोक एकमेकांना कॉपी काढून द्यायचे, मग कोणीतरी ती गाणी नेटवर चढवली आणि त्या संग्रहाला क्लबच्या नावावरून ‘बिनीथ द बोर्डवॉक’ म्हणायला लागले. मायस्पेसचं पान सुद्धा बँडनं काढलेलं नव्हतं, चाहत्यांनी काढलेलं, बँडनं पुढं मुलाखतीत सांगितलं की मायस्पेस म्हणजे काय हेच आम्हाला माहीत नव्हतं. मला ह्यात नवल वाटलं नाही कारण पुण्यात हॉस्टेलवर आम्ही हेच केलेलं, लॅनवर गाणी टाकायची, ज्याच्याकडं सीडी रायटर आहे त्याला कोऱ्या सीड्या आणून द्यायच्या. इंटरनेट हे फक्त पोस्टमन होतं. पत्रात काय लिहिलंय ते महत्त्वाचं ना? माणूस आपल्या खिशातली सीडी काढून दुसऱ्याला ‘हे ऐकच’ म्हणतो ते पोस्टमनच्या कौतुकानं नाही म्हणत.

आता पत्रात काय होतं ते सांगायला मला जरा माझ्याकडं यावं लागेल.

मी इचलकरंजीचा. महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात त्या गावचा. घराच्या खालच्या मजल्यावर आमचे माग, रात्रंदिवस खटाखट चालू, वीज गेली आणि आवाज थांबला की आम्हाला झोपेतून जाग यायची. आई कांड्या भरायची, आण्णा मागावर. घरात, गल्लीत, शाळेत सगळ्यांची एकच भाषा, ‘काय करायलास’, ‘जेवलास न्हवं’, ‘लई भारी’. आमच्याकडच्या बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’ असंच बोलतात, आजीही तसंच बोलायची, आईही तसंच. मला १८ वर्षांचा होईपर्यंत कल्पनाच नव्हती की ह्यात कुणाला हसण्यासारखं काही वाटेल.

इंजिनिअरिंगला पुण्यात गेलो. पहिल्याच सेमिस्टरला सेमिनार देताना ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालो आणि मागच्या बाकांवरून हशा आला, त्याचं फार वाटलं नाही. पण दिवाळीआधी आई फराळाचा डबा घेऊन हॉस्टेलवर आली. निघताना गेटपाशी म्हणाली, ‘येतो रे बाळा, सांभाळून ऱ्हा.’ माझे रूममेट उभे होते, त्यातला एकजण तिच्या समोरच हसला आणि मग आठवडाभर मला कुठंही बघितलं की पोरं बारीक आवाज काढून ‘येतो रे बाळा’ करायची. मी त्यांना काहीच बोललो नाही. उलट मी माझी भाषा घासायला लागलो, न आणि ण तपासून बोलायचो, ‘करायलोय’ गेलं आणि ‘करतोय’ आलं, आणि चार वर्षांत इतका तयार झालो की घरी फोन केला तरी आईशी पुण्याच्या मराठीतच बोलायचो. ती काही म्हणाली नाही कधी. तिनं फक्त फोनवर कमी बोलायला सुरुवात केली.

अशा अवस्थेत मी शेफिल्डला आलो आणि मला ती सीडी मिळाली.

शेफिल्ड म्हणजे स्टीलचं गाव. स्टेनलेस स्टील तिथलंच, हॅरी ब्रेअरली नावाच्या माणसानं १९१३ मधे शोधलेलं. ८० च्या दशकात कारखाने भराभर बंद पडले, हजारो माणसं घरी बसली, मी गेलो तेव्हा नदीकाठच्या नीपसेंड वगैरे भागात रिकामे शेड तसेच उभे होते, आमच्याकडं बंद पडलेल्या सूतगिरणीचं असतं तसं गवत वाढलेलं. आणि त्यांची बोली! काहीतरीला ‘समथिंग’ न म्हणता ‘समट’, काही नाहीला ‘नाउट’, बस ड्रायव्हर पुरुषाला सुद्धा ‘लव्ह’ म्हणून हाक मारणार. शेजारच्या बार्न्सलीचे लोक शेफिल्डवाल्यांना ‘डी-डा’ म्हणून चिडवतात कारण जुन्या बोलीतले ‘दी’ आणि ‘दाऊ’ म्हणजे तुला आणि तू हे शब्द शेफिल्डवाले ‘डी’ आणि ‘डा’ असे उच्चारतात. म्हणजे १५-२० मैलांवर भाषा बदलते आणि लोक एकमेकांना हसतात. हे ऐकल्यावर मला ते गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं.

त्या सीडीवर टर्नर त्याच बोलीत गात होता. एकही शब्द इस्त्री न करता. इंग्लंडमधले बहुतेक रॉक गायक गाताना अर्धे अमेरिकन होतात, हा पोरगा मात्र बस स्टॉपवर बोलतो तसाच गाणार, तेच समट, तीच मार्डी. ‘मार्डी बम’ हे गाणं रुसलेल्या गर्लफ्रेंडवर आहे आणि त्यात एवढी माया आहे की मला ते ऐकताना कायम वाटतं हे कोणत्याही गल्लीतलं जोडपं असू शकतं, पण शब्द मात्र त्याच गल्लीचा पाहिजे, दुसरा चालणार नाही. ‘रुसूबाई’ला दुसऱ्या भाषेत घालून बघा, सगळी गंमत उडते.

आणि ‘फेक टेल्स ऑफ सॅन फ्रान्सिस्को’. ह्या गाण्यात एक लोकल बँड आहे जो स्टेजवर अमेरिकेच्या गप्पा मारतोय आणि गायक त्याला सरळ सांगतो की बाबा तू न्यूयॉर्कचा नाहीस, तू रॉदरहॅमचा आहेस. रॉदरहॅम म्हणजे शेफिल्डला चिकटून असलेलं गाव, आपल्याकडं कोल्हापूरपासून इचलकरंजी आहे त्याच्याहीपेक्षा जवळ. गाण्यात हंटर्स बार येतं, एक्लसॉल रोडवरचा तो गोल चौक, मी कामावरून रोज तिथून चालत यायचो. एकदा पावसात, कानात हेडफोन, नेमकं तेच गाणं लागलं आणि मी नेमका त्या चौकात. तिथं थांबलो, पूर्ण ऐकलं. चार वर्षं पुण्यात मी नेमकं तेच करत होतो ना, जिथला नाही तिथला आवाज काढत होतो. १९-२० वर्षांच्या एका पोरानं मला न ओळखता पकडलं होतं.

बरं हे सगळं चालू असताना बाहेर जे घडत होतं ते वेडं होतं. २००५ च्या मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या लेबलवर ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी सीडी काढली, जूनमधे डॉमिनो ह्या स्वतंत्र कंपनीशी करार केला, मोठ्या कंपन्या मागं लागलेल्या असताना. ऑक्टोबरमधे ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर’ आलं आणि ब्रिटनच्या सिंगल्स चार्टमधे थेट एक नंबरला. त्याच महिन्यात लंडनच्या ॲस्टोरियाला कार्यक्रम झाला तेव्हा अल्बम बाजारात यायला तीन महिने होते आणि लोकांना सगळी गाणी पाठ! तो किचनमधला पोरगा हे सांगताना अक्षरशः प्लेट हातातून सोडणार होता, की लंडनचे लोक आमच्या भाषेत गातायत, समजतंय का तुला, लंडनचे!

अल्बम त्यांनी सप्टेंबरमधे लिंकनशरच्या खेड्यातल्या चॅपल स्टुडिओत रेकॉर्ड केलेला, प्रोड्यूसर जिम ॲबिस. नाव ‘व्हॉटेव्हर पीपल से आय ॲम, दॅट्स व्हॉट आय ॲम नॉट’. हे वाक्य ॲलन सिलिटोच्या १९५८ च्या एका कादंबरीतलं, नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या तरुणाची गोष्ट आहे ती. लोक मला जे काय म्हणतात, तेच नेमका मी नाही. आठवडाभर कारखान्यात राबायचं आणि शनिवारी रात्री जगायचं, तोच विषय ह्या अल्बमचा. शुक्रवार-शनिवारची एक रात्र आहे ही सगळी, संध्याकाळी तयार होण्यापासून ते क्लबच्या दाराशी बाउन्सरशी हुज्जत, टॅक्सीत भांडण, नीपसेंडच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मुली, पोलिसांची गाडी आणि दुसऱ्या दिवशीचं जड डोकं. १३ गाणी, साधारण ४१ मिनिटं.

कव्हरवर सिगरेट ओढणाऱ्या एका पोराचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, बँडचा मित्रच तो, मॉडेल नाही. त्यावरून स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्य खात्यातून टीका झाली, सिगरेटला उत्तेजन देता म्हणून. मला तो फोटो बघून नाईट शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर उभे असलेले आमच्याकडचे कामगार आठवले, डोळे तसेच जड. सीडी उघडली की आतल्या चकतीवर थोटकांनी भरलेला ॲशट्रे छापलेला. पार्टीचा अल्बम म्हणतात त्याला, पण कव्हर तर पार्टी संपल्यानंतरचं आहे.

मागणी एवढी होती की कंपनीनं तारीख आठवडाभर अलीकडं आणली. २३ जानेवारी २००६, सोमवार. मला सकाळी लेक्चर होतं, दुपारी दुकानात गेलो, रांग. शाळेच्या युनिफॉर्ममधली पोरं, ऑफिसवाले, आणि एक म्हातारी बाई होती जी काउंटरवरच्या मुलीला सांगत होती की नातवाला पाहिजे पण मी पण ऐकणार आहे. माझ्याकडं ती जवळपास सगळी गाणी आधीच होती, फुकट. तरी मी पैसे मोजून घेतली. तेव्हा पौंड ऐंशी रुपयांच्या आसपास होता आणि मी एकेक पौंड गुणून बघायचो, पण त्या दिवशी नाही गुणला.

आठवड्यात ब्रिटनमधे ३,६३,७३५ प्रती गेल्या. पहिल्या अल्बमसाठीचा तेव्हाचा विक्रम. त्याआधीचा विक्रम २००१ मधे टीव्हीवरच्या टॅलेंट शोमधून तयार केलेल्या हिअरसे ह्या ग्रुपचा होता, ३,०६,६३१. म्हणजे आख्ख्या टीव्ही चॅनेलची ताकद मागं असलेल्या ग्रुपला हाय ग्रीनच्या चार पोरांनी मागं टाकलं. टॉप २० मधल्या बाकी सगळ्या अल्बमची विक्री एकत्र केली तरी ह्यांची जास्त. मी तेव्हा हिशोब केला होता, आमच्या गावची त्या वेळची सगळी लोकसंख्या सुद्धा एवढी नव्हती. फोनवर आण्णांना सांगितलं तर म्हणाले, एवढी माणसं एका आठवड्यात एकच गोष्ट विकत घेतात, आणि आमचं कापड सहा महिने गोडाऊनला.

मग समीक्षकांचा पूर आला. एनएमई ह्या तिथल्या संगीत साप्ताहिकानं त्याच जानेवारीत सर्वकाळच्या ब्रिटिश अल्बमांच्या यादीत ह्याला पाचवा नंबर दिला, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्याही वर. हे अतीच झालं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. चार दिवसांच्या बाळाला घरातल्या थोरल्यांच्या रांगेत बसवायची घाई कशाला. ह्या असल्या कौतुकामुळं उलट झालं असं की निम्मे लोक अल्बम ऐकायच्या आधीच चिडले, आणि ज्यांनी ऐकला त्यांनी तो मोजपट्टी घेऊन ऐकला. जुने चाहते म्हणत होते डेमोच बरे होते, जास्त कच्चे, जास्त खरे. अमेरिकेत अल्बम २४ नंबरला सुरू झाला, जे एका स्वतंत्र लेबलच्या नव्या बँडसाठी खूप चांगलं होतं, पण इकडचे पेपर अमेरिका जिंकली का हरली अशाच भाषेत लिहीत होते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मधली दोन-तीन गाणी मला अजूनही एकमेकांसारखी वाटतात, वेग तोच, ठेका तोच, आणि काही ठिकाणी मुलींबद्दल जी कुचकट नजर आहे ती आता ऐकताना टोचते. ‘रायट व्हॅन’ हे एक संथ गाणं मधे येतं तेव्हा बरं वाटतं, श्वास घेता येतो. हेल्डर्सचे ड्रम्स मात्र सुरुवातीच्या गाण्यापासून जे सुटतात ना, मला ते ऐकताना दरवेळी आमच्या खालच्या मजल्याची आठवण येते, चार माग एकदम सुरू केल्यावर पायाखालची फरशी थरथरते तशी. ह्या पोरांना कोणी सांगितलं असतं जरा हळू वाजवा तर त्यांना जमलं असतं असं वाटत नाही. विशीच्या आतले हात आहेत ते.

पण शेवटचं गाणं, ‘अ सर्टन रोमान्स’. ते ऐकल्याशिवाय ह्या अल्बमबद्दल कोणी बोलू नये. त्यात गावातल्या टगेगिरी करणाऱ्या पोरांबद्दल आहे, ज्यांना इंग्लंडमधे सगळे हसतात, त्यांच्या कपड्यांना, त्यांच्या बोलण्याला. टर्नर पण सुरुवातीला वैतागलेला आहे, ह्यांना काय कळतंय अशा सुरात. आणि मग हळूहळू त्याच्या लक्षात येतं की ह्यातले काही जण तर माझेच दोस्त आहेत, त्यांच्यावर तसा राग धरता येत नाही. तिथं शब्द संपतात आणि फक्त गिटार राहते. विशीच्या आतल्या पोराला एवढी समज कुठून आली मला माहीत नाही. हसणाऱ्यांच्या बाजूनं सुरू झालेलं गाणं आपल्या माणसांच्या बाजूला येऊन उभं राहतं. मला पुण्याच्या हॉस्टेलचं गेट आठवलं. मी तिथं कोणाच्या बाजूला उभा राहिलो होतो ते आठवलं.

कौतुकाची किंमत पण त्या पोरांनी त्याच वर्षी मोजली. एप्रिलमधे त्यांनी एक ईपी काढली जिच्या नावातच शिवी होती, कोण हे आर्क्टिक मंकीज असा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, आणि ती सिंगल्सच्या चार्टमधे बसणार नाही एवढी लांब होती. दोन सलग गाणी एक नंबरला गेलेल्या बँडनं मुद्दाम असं करावं ह्यात मला त्यांचा दमलेपणा दिसतो. मे महिन्यात अँडी निकल्सन थकून अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलाच नाही, त्याच्या जागी निक ओमॅली आला आणि पुढं निकल्सन बँडमधून बाहेर पडला. किचनमधला आमचा पोरगा हे वाचून दिवसभर गप्प होता. मी त्याला मार्डी म्हणालो नाही. वरच्या खोलीत २७ पौंड वाटून घेतलेल्या चौघांतला एक सहा महिन्यांत गेला, आणि पेपरवाल्यांना त्यात दोन दिवसांची बातमी दिसली.

५ सप्टेंबर २००६ ला मर्क्युरी प्राइज, म्हणजे तिथलं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं बक्षीस, जाहीर झालं. माझा डिझर्टेशन जमा करायचा आठवडा होता पण शिफ्ट होती, आणि किचनमधे रेडिओ लावलेला. यादीत शेफिल्डचे दोन अल्बम, एक ह्यांचा आणि दुसरा रिचर्ड हॉली ह्या गायकाचा ‘कोल्स कॉर्नर’. शेफिल्डमधे कोल ब्रदर्स नावाचं मोठं दुकान होतं, त्याच्या कोपऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या प्रेमिकांनी भेटायचं ठरवलेलं, त्या जागेवरून नाव. आमच्या हेड कुकचा जीव हॉलीवर, त्याच्या तरुणपणातली जागा ती, आणि पोराचा जीव मंकीजवर, त्यामुळं तासभर दोघांचं तोंडानंच युद्ध. नाव जाहीर झालं मंकीजचं. पोरगा ओरडला. आणि टर्नर स्टेजवर जाऊन पहिलं काय म्हणाला, तर कोणीतरी ९९९ ला फोन लावा, रिचर्ड हॉलीला लुटलंय! ९९९ म्हणजे तिथला पोलिसांचा नंबर. हेड कुकनं हातातला टॉवेल डोळ्यांना लावला. १५ मिनिटं कोणी काम केलं नाही. देशातलं एवढं मोठं बक्षीस हातात, सगळ्या देशाचे कॅमेरे समोर, आणि ह्या पोराला आधी आठवला तो आपल्या गावचा थोरला माणूस.

दुसऱ्या दिवशी डिझर्टेशन जमा केलं आणि कॉलिंग कार्ड घेऊन वेस्ट स्ट्रीटवरच्या फोन बॉक्समधे शिरलो. तिकडं संध्याकाळचे सहा वाजत आले असतील. आईनं उचलला, मागं मागांचा आवाज.

मी म्हणालो, ‘आई, काय करायलीस?’

ती काही सेकंद बोललीच नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, ‘भाकरी थापायलोय. तू जेवलास न्हवं?’

‘न्हाई अजून. जेवतो. परीक्षेचं सगळं झालं.’

‘मग कधी यायलास?’

मी सांगितलं पुढच्या महिन्यात, तर तिनं लगेच विचारलं येताना काय आणणार, मग शेजारच्या काकूंच्या सुनेला मुलगा झाल्याचं सांगितलं, आण्णांच्या गुडघ्याचं सांगितलं, सुताचा भाव, पाण्याचा टँकर, आजीनं डॉक्टरला काय सुनावलं ते आजीच्या आवाजात करून दाखवलं. चार वर्षांत ती फोनवर एवढं कधी बोलली नव्हती. कार्डवरची मिनिटं संपत आली तशी मधे ती बाई रेकॉर्डिंगमधे बोलायला लागली, की तुमचं एक मिनिट शिल्लक आहे.

‘तव्यावर भाकरी हाय,’ आई म्हणाली, ‘ठेवतो मी आता. येतो रे बाळा.’